न घेतलेलं माप

२० फेब्रुवारी १९८३, रविवार

अण्णा,

तुम्ही गेल्याला दहा वर्षं होत आली आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. माझं चुकलं. डायरी रोज लिहितो, तिच्यात शाळेतल्या कटकटी येतात, नळाला पाणी किती वाजता आलं तेही येतं, तुम्ही मात्र येत नाही. आज लिहितोय तेही आठवण दाटून आली म्हणून नव्हे. मी वैतागलोय, आणि या घरातलं जिवंत माणूस एकही ऐकून घ्यायला तयार नाही, म्हणून तुमच्याकडे आलो.

आईला तुमचाच आजार झालाय. मोठ्या आतड्यात गाठ, कॅन्सरची. आणि तिनं काय केलं असेल? तुम्ही केलंत तेच. दिवाळीपासून शौचाला रक्त पडत होतं, तिनं कुणाला सांगितलं नाही. कोल्हापुरात पोटाचं काहीही झालं तरी आरोपी एकच, तिखट. तिनं चटणी सोडली आणि सोडल्याचं कळू नये म्हणून ताटात वाढून घेऊन भाकरीखाली लपवायला लागली. शेजारणीच्या ओळखीतल्या एका वैद्याकडून मूळव्याधीचं चूर्ण आणलं, ते तांदळाच्या डब्यामागे ठेवलं. मी त्याच घरात राहतो, त्याच स्वयंपाकघरात जेवतो, आणि मला काही दिसलं नाही. संक्रांतीला अक्का कागलहून आली आणि बांगड्या भरताना आईचा हात हातात घेऊन म्हणाली, 'आई, नखं कशानं खडूसारखी झाल्यात गं?' तेव्हा सगळं बाहेर आलं. मी नववीला पचनसंस्था शिकवतो, अण्णा. फळ्यावर मोठं आतडं रंगीत खडूनं काढतो.

तुमच्या वेळी रविवारच्या तांबड्या रश्श्यावर ढकललं होतं. आठ महिने. सहासष्टाव्या वर्षी तुम्ही रोज सायकलवरून उद्यमनगरात फौंड्रीला जात होता, ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडाचे पॅटर्न करत होता, आणि धोतरात फडकं घालून जात होता, हे आम्हाला नंतर आईकडून कळलं. ज्या माणसाला तयार कास्टिंगवर हातोडी वाजवून आत पोकळी आहे की नाही ते कळायचं, त्यानं स्वतःच्या बाबतीत आठ महिने कान बंद करून घ्यावेत, याचा मला अजूनही राग येतो. लिहून टाकतो, येतो.

त्या फौंड्रीतला एक दिवस मी विसरलेलो नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षाची सुट्टी होती, तुम्ही मला एका पुलीचा पॅटर्न करायला दिला होता. मी ड्रॉइंगवरचं माप केसाचाही फरक न करता उतरवलं आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. तुम्ही कॅलिपर लावलात आणि सगळ्यांच्या देखत म्हणालात, 'लोखंड थंड झाल्यावर आटतंय. तुमच्या कालेजात ह्ये शिकवत न्हाईत व्हय?' सगळे हसले. संध्याकाळी घरी येताना तुम्ही स्वतःची जुनी पितळी फुटपट्टी मला दिलीत, काही न बोलता. तुमचं हे एक होतं, बोलायचं ते चारचौघांत आणि द्यायचं ते मुकाट्यानं.

मग अडुसष्ट साल. सर्जननं मला आणि काकांना दवाखान्याच्या जिन्यात सांगितलं की गाठ अगदी खाली आहे, काढता येईल, पण शौचाची वाट कायमची पोटावर करावी लागेल. पेशंटला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, म्हणाले. तुम्हाला आम्ही मूळव्याधीचं ऑपरेशन म्हणून सांगितलं. फॉर्मवर मी सही केली, सव्वीस वर्षांचा, बी.एस्सी. तुम्ही चालत आत गेलात. चौथ्या दिवशी नर्सनं पट्टी सोडली तेव्हा तुम्ही पहिल्यांदा खाली पाहिलंत. मी दाराशी उभा आहे. तुम्ही माझ्याकडे बघत नाही, पोटाकडेही बघत नाही, समोरच्या भिंतीकडे बघताय. त्यानंतर आठवडाभर तुम्ही आईशी बोललात, नर्सशी बोललात, शेजारच्या खाटेवरच्या पन्हाळ्याच्या म्हाताऱ्याशी उसाच्या भावावर वाद घातलात, माझ्याशी बोलला नाहीत. बाराव्या दिवशी मी चहा घेऊन आलो तेव्हा विचारलंत, 'ह्ये असं हुणार, तुला ठावं हुतं?'

मी होय म्हणून मान हलवली.

'आधी सांगितलं असतंस तर माप घिऊन ठिवलं असतं की.'

बस, एवढंच. मी शिव्यांची तयारी करून बसलो होतो. दवाखान्यानं दिलेला पट्टा ढिला होता, पिशवी सरकायची, सगळं घाण व्हायचं, आई दिवसातून पाच वेळा चादरी धुवायची. तुम्ही मला घरून पितळी फुटपट्टी आणायला लावलीत. फौंड्रीतल्या जोडीदाराकडून लेथवर सागाच्या दोन कड्या करून घेतल्यात, पॉलिशचे हात दिलेत, आतून सायकलच्या ट्यूबचं रबर बसवलंत, वर प्लास्टिकची पिशवी. दोन कशाला, असं सर्जननं विचारलं तर म्हणालात, आता सूज हाय, उतरल्यावर आटणार, तवा ही दुसरी, एक सूत कमी. सर्जननं ती कडी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. नंतर त्यांनी त्यांच्या आणखी दोन पेशंटांसाठी मागवल्या. महिनाभर ज्या गोष्टीनं घर रडवलं, ती तुम्ही दोन दिवसांत सोडवलीत. ऑपरेशनच्या आधी सांगितलं असतं तर आधीच सोडवली असतीत. पुढे पाच वर्षं तुम्ही ती कडी लावून कामावर गेलात, जोतिबाचा डोंगर चढलात, आणि शेवटी गेलात ते हृदयानं. हे सगळं काकांनी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि तरी काल काका इथे बसून, बशीत चहा ओतत, म्हणतात, 'सत्तरीच्या बाईला फाडताय कशाला? हाईत ते दिस सुखानं जाऊ द्यात.' मी म्हटलं, डॉक्टर सांगतायत की वय हा अडथळा नाही, रक्त कमी आहे, ते आधी चढवू. हृदय चांगलं आहे. न काढल्यास आतडं बंद होईल आणि मग सुखाचे दिवस कसले? पिशवी लागेलच असं नाही, लागली तर काही महिन्यांपुरती, पण पोट उघडल्याशिवाय वचन देत नाही, म्हणाले. काका डोकं हलवत राहिले. अक्काचं वेगळंच. ऑपरेशन करा, पण आईला कळू देऊ नका, ती हाय खाईल. तुमच्या चादरी धुतलेल्या बाईला कळू द्यायचं नाही! तासभर हेच चाललं. शेवटी माझा तोल गेला आणि मी काकांना म्हणालो की अण्णांच्या वेळी तुम्हीच लपवायला लावलंत, आता पुन्हा तुमचं ऐकणार नाही.

काकांनी बशी खाली ठेवली. 'मी? आरं, मी सांगूया म्हणत हुतो. अण्णाला झेपायचं न्हाई म्हणून तूच नको म्हणालास.'

मी म्हटलं, थांबा, लिहिलेलं आहे माझ्याकडे. माळ्यावरून अडुसष्टची डायरी काढली, पान उघडलं. अक्षर माझंच. 'अण्णांना सांगू नये असं मी म्हटलं. या वयात त्यांना झेपणार नाही. काकांना पटलं नाही, पण गप्प बसले.' पंधरा वर्षं मी त्या माणसावर चिडून आहे, त्यांच्या नातीच्या लग्नात जेवलोसुद्धा नाही, आणि ते पान एकदाही चाळून पाहिलं नाही. वाचून दाखवलं. काकांनी चहा संपवला आणि अक्काला म्हणाले, साखर जरा कमीच पडलीय.

तेव्हापासून विचार करतोय. तुमच्या वयाचा संबंध नव्हताच, अण्णा. तुमच्यासमोर बसून मला ते शब्द उच्चारायचे नव्हते, म्हणून वय पुढे केलं. काकांचंही तसंच असेल. अक्काचंही. सगळ्यांवर चिडायचा हक्क माझ्याकडे किती उरला ते मोजायला घेतलं तर फार उरत नाही.

एवढं कळल्यावर आज दुपारची गोष्ट. आई स्वयंपाकघरात ओला हरभरा सोलत बसली होती. उद्या दहा वाजता सही करून फॉर्म दवाखान्यात द्यायचाय, तो अजून कोराच माझ्या खिशात होता. तिनं मान वर न करता विचारलं, 'डॉक्टर काय म्हणाले रं?' मी तयारी केली होती. वाक्यसुद्धा मनात जुळवून ठेवलं होतं. आणि मी म्हणालो, मूळव्याध आहे, छोटं ऑपरेशन.

तिनं दोन-चार घाटे सोलले. मग म्हणाली, 'तुझ्या अण्णास्नी बी मूळव्याधच हुती, न्हाई?'

मी वह्या तपासायच्या आहेत असं सांगून उठलो. वह्या शुक्रवारीच तपासून झाल्यात. हे अक्काला सांगितलं नाही, काकांना सांगणार नाही. इथे लिहून ठेवतो.

उद्याचं काम: सकाळी चहाच्या वेळी आईला सगळं सांगणे. फॉर्म त्यानंतर, सही तिची.