दुसऱ्या कानातला डूल

प्रिय ओफोरिवा,

ताईला फोन सोडून पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं म्हणशील. फोनवर आपलं बोलणं ‘जेवलीस का, तिकडे ऊन फार आहे का, बरं ठेवते’ याच्या पुढे जात नाही, आणि हल्ली तेवढ्यानेही माझा जबडा ठणकतो. उजव्या कानापुढचा सांधा अडकलाय. आधी नुसता कटकट वाजायचा, आता तोंडात दोन बोटं जेमतेम जातात. अख्ख्या कुमासी शहराच्या जबड्यांचे एक्स-रे काढून म्हातारी व्हायला आले, आणि दुखणं आलं ते नेमकं तिथेच.

इथे कुणाला पत्ता नाही. लागणार कसा? रोज फुफूचे मऊ गोळे आणि सूप. फुफू चावला की आई पाठीत धपाटा घालायची, आठवतं ना? फुफू गिळायचा. मामे बिरागो, माझी घरमालकीण, रोज अंगणात माझ्यासमोर बसून जेवते आणि म्हणते, नवरा गेल्यापासून आत्ता कुठे तू चवीने जेवायला लागलीस. मी मान डोलावते. कोपऱ्यावरचं भाजलेलं केळं आणि शेंगदाणे मी कधीचे सोडलेत, हे तिच्या ध्यानात आलेलं नाही. ती पुडी संध्याकाळी आम्पोफोच आणायचा. त्याच्या लगेच ध्यानात आलं असतं.

आमच्या दवाखान्यात सध्या एक काम चाललंय. जबड्याच्या सांध्यासाठी कुठला फोटो आधी काढावा, हे ठरवायचंय. एकाच पेशंटचे तीन प्रकारे फोटो काढायचे आणि शेजारी शेजारी लावून पाहायचे. काम डॉक्टर बाफुरचं. माझ्याच हाताखाली शिकलेला पोरगा, आता मला ‘आंटी, हनुवटी वर’ म्हणतो. पेशंट कमी पडत होते, म्हणून मीच उभी राहिले. म्हटलं, घरचीच बकरी आहे, कापा.

पहिला ओपीजी, तोंडाभोवती फिरणारा तो साधा एक्स-रे. बाफुरने फोटो पाहिला आणि त्याचा चेहरा पडला. डाव्या सांध्यापाशी, जरा वर, एक पुसट पांढरा गोळा होता. म्हणाला, आंटी, दुखतं उजवीकडे, मग हे काय वाढलंय? मी पाहिलं आणि हसायला लागले. हसताना इतकं दुखलं की डोळ्यांत पाणी आलं. अगं, मी कानातलं काढलंच नव्हतं. डावीकडची साधी बाळी काढली, पण उजव्या कानातला आईचा डूल अंगाचाच झालाय, तो विसरले. त्या यंत्रात एका बाजूच्या धातूची सावली दुसऱ्या बाजूला पडते, थोडी वर, थोडी पुसट. येणाऱ्या प्रत्येक बाईला मी हेच बजावत आले. आईच्या माघारी आपण जोडी वाटून घेतली, एक तुला, एक मला. आणि त्या फोटोत माझ्या दोन्ही कानांत डूल होते. बाफुर म्हणाला, फोटो बाद, पुन्हा काढू. मी त्याच्याकडून बाद फोटोची प्रत मागून घेतली.

मग थ्री-डी सीटी झाला. त्यात हाड साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत, कुठे झीज नाही, काही नाही. शेवटी एमआरआय, आधी तोंड मिटून, मग उघडून. हाडांमधली मऊ गादी तिथेच दिसते. माझी गादी पुढे सरकलीय आणि तोंड उघडलं तरी जागेवर येत नाही. मीच त्याला शिकवलं होतं, हाडाला विचारायचं असेल तर सीटी, गादीला विचारायचं असेल तर एमआरआय. पण ती कशामुळे सरकली, हे तिन्हींपैकी एकही फोटो सांगत नाही. त्यासाठी बाफुरने कागद पुढे ओढला आणि विचारलं, “आंटी, झोपेत दात खाता का?”

मी म्हटलं, “मला कसं कळणार? मी झोपलेली असते.”

“शेजारी झोपणाऱ्याला विचारा ना,” तो सवयीने बोलून गेला. मग त्याला आठवलं. त्याने पेनाला टोपण लावलं.

पण प्रश्न महत्त्वाचा आहे. दात खात असेन, तर रात्री दातांवर घालायची पट्टी आणि थोडा धीर. नसेन, तर अक्राला जाऊन सांध्यात सुई घालून घ्यायची. दात झिजलेत, पण ते आताचे की लहानपणचे, हे कुठलाच फोटो सांगत नाही. लहानपणचं तुला ठाऊक आहे. एका चटईवर झोपायचो, आणि तू मला लाथ मारून म्हणायचीस, “ताई, गारीचा कोरडा रवा करकर चावायचा तर बाहेर जा.”

म्हणून हे पत्र. तुझ्या तमालेहून कुमासीला बस आहे. ये, माझ्या शेजारी झोप, जरा जागी राहा आणि ऐक. तुझ्या वाट्याचा डूल घालून ये. बाफुर म्हणत होता, मोबाइल उशाशी ठेवा, तो रात्रभर आवाज टिपून घेईल. मी त्याला सांगितलं, माझा मोबाइल बिघडलाय. मोबाइलला काहीही झालेलं नाही, ओफोरिवा. सकाळी उठल्यावर मला कुणीतरी सांगायला हवंय, की रात्री तू फार आवाज करत होतीस.

तुझीच,
कोनादू ताई