गॉसचा डबा

१९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्हीही सगळे बरे असाल. वहिनीचा खोकला गेला का? आपला स्वयंपाकघरातला नळ अजून गळतोय. हे तिसरं पत्र. आधीची दोन फाडली आणि मधे दोनदा उठून उगाच ओटा पुसून आले.

तर डब्याबद्दल. बाबांनी निवृत्तीनंतर हमरस्त्याच्या कडेला लपवलेला तो गॉसचा डबा. फोनवरच्या खजिनाशोधाच्या खेळातली खूण वाचून लोक शोधत येतात, आतल्या वहीत सही करून जातात. गणिताच्या मास्तरांचा डबा, म्हणजे कोडं आलंच. गॉस या गणितज्ञाने म्हणे शाळेत असताना एक ते शंभरची बेरीज चुटकीसरशी केली होती. बाबांनी लोकांवर दया करून वीसपर्यंतच ठेवली. बेरीज करा, मैलाच्या दगडापासून तेवढी पावलं चाला आणि झुडपाखाली हात घाला.

गेल्या वर्षी जुने विद्यार्थी भेटायला आले, तेव्हा बाबा उत्तर एकशे नव्वद म्हणाले. तू म्हणालास, "बाबा, दोनशे दहा. शेवटचे वीस मिळवायचे राहिले. हल्ली तुमचं पुष्कळ राहतंय, डॉक्टरांकडे जाऊ या."

बाबा भडकले. "उद्या सगळे चला. डबा एकशे नव्वदवर निघाला, तर या घरात डॉक्टरचं नाव काढायचं नाही!"

आणि निघाला. तू दोनशे दहाव्या पावलावर काट्यांत हात घालत बसलास, बोटं रक्ताळली, सगळे हसले. मीही हसले. "माझा मुलगा आणि साधी बेरीज येत नाही," बाबा म्हणाले. त्याच दुपारी तू बॅग उचललीस.

डबा मी हलवला होता, दादा. सकाळी दूध आणायला म्हणून निघाले ती तिकडेच गेले. चार माणसांत बाबांचा पचका होऊ नये, एवढंच डोक्यात होतं. तुझं काय होईल, हा विचार मनाला शिवलाही नाही. चार दिवसांनी डबा जागेवर ठेवला आणि मूग गिळून बसले.

या जूनमध्ये बाबा घरचा रस्ता चुकले, तेव्हा कुठे डॉक्टरांकडे नेलं. "वर्षभर आधी का नाही आणलंत?" त्यांनी विचारलं.

बाबा आता मला शेजारीण समजतात. तुझी फजिती मात्र त्यांना लख्ख आठवते. येईल त्याला सांगतात आणि मग दाराकडे बघत विचारतात, "रुसलाय का अजून?"

सोमवारी राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत होते. मग म्हणाले, "म्हणजे पोराचं बरोबर होतं?" त्यांना इतका आनंद झाला की मला रडूच फुटलं. चहा होईपर्यंत विसरले. तेव्हापासून मी रोज सांगते आणि ते रोज तेवढेच खूश होतात.

पण तुझं बरोबर होतं, हे ते शेजारणीला सांगताहेत रे. त्यांनी तुला सांगायला हवं. माझं तोंड बघायचं नसेल तर मी दिवसभर बाहेर जाईन. पण लवकर ये. पोरगा म्हणजे कोण, हे ते अजून विसरलेले नाहीत.

तुझं बरोबर उत्तर चूक ठरवणारी,
बारकी