गाडीचं दुखणं विचारायची रीत

जिंतूर, रविवार

आदरणीय दाजी,

सिद्धोधनचा सप्रेम जय भीम. ताईचे गुडघे आणि तुमची शुगर ठिकाणावर असतील अशी आशा करतो. इकडं सगळे खुशाल आहेत, मी सोडून. मला एका जागी बसवत नाही. हे पत्रसुद्धा अर्धं ओट्यावर आणि अर्धं तुम्ही दिलेल्या गाडीत बसून लिहितोय.

विषय गाडीचाच आहे. दसऱ्याला आईला याच गाडीतून दीक्षाभूमीवर नेणार, असं मी शाळेत आणि गल्लीत सांगून बसलोय. आई दरवर्षी रेल्वेच्या डब्यात दाराशी बसून नागपूरला जात आली. यंदा तिनं पुढच्या सीटवर खिडकीशी बसून जावं, एवढीच माझी इच्छा. आणि गाडी तर साधा चढ आला की धापा टाकते.

म्हणून ती मेकॅनिक माणिकरावांकडं नेली. त्यांच्याकडं एक मशीन आहे, गाडीला जोडलं की दुखणं पडद्यावर दिसतं. (या यंत्रणेला ओबीडी म्हणतात. तुम्हाला ठाऊक असेलच. तुम्हाला बरंच काही ठाऊक असतं, ते पुढं येईल.) स्टेअरिंगखाली सोळा भोकांचं सॉकेट सापडलं, म्हणजे नवी पद्धत, असं ते छातीठोकपणे म्हणाले. मशीन जोडलं, तर पडदा कोराच. मग म्हणाले, सॉकेट नवं असलं तरी आतला कारभार जुना असेल, गाडी मधल्या काळातली दिसते. जुन्या पद्धतीत म्हणे सॉकेटातली दोन टोकं जोडायची, की डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकतो. किती वेळा लुकलुकला ते मोजायचं आणि तक्त्यात दुखणं बघायचं. आमच्या लेकीच्या, सत्यशीलाच्या केसांची पिन घेतली (ती अजून मागतेय), टोकं जोडली आणि आम्ही डॅशबोर्डकडं टक लावून बसलो. नुसता चहा प्यायला आलेल्या दोन अनोळखी गृहस्थांनीही डोकं आत घातलं होतं. दिवा काही लागेना. "सर, ह्या गाडीला दोनीपैकी एक बी पद्धत न्हाई," असा निकाल देऊन माणिकराव मोकळे झाले.

मला चैन पडेना. आज दुपारी पुन्हा पिन घालून बसलो, तर आई शेजारी येऊन बसली. डॅशबोर्डवर तुम्ही स्वतःच्या हातानं चिकटवलेलं बुद्धांचं चित्र आहे ना, त्याचा कोपरा उन्हानं सुटला होता. ते चित्र काढायला आपल्यात कोण धजेल? मी तर त्याला हात जोडूनच किल्ली फिरवायचो. आईनं कोपरा बसवायला बोट लावलं, तर तो आणखी सुटला आणि चित्राखालून पिवळा दिवा लुकलुकला. दोघंही मोजत राहिलो. गाडी जुन्याच पद्धतीची निघाली.

आईनं चित्र अलगद काढलं, पदरानं पुसलं आणि म्हणाली, "येवढी जागा मोकळी असताना जावईबापूनं हितंच कामून लावलं?"

मी तुमची बाजू घेतली दाजी, पण ती फार वेळ टिकली नाही. मोठ्यांना असं विचारू नये, तरी राहवत नाही. हा दिवा कधीपासून लागत होता, तेवढं कळवा. ताईला सांगणार नाही.

तुमचा मेहुणा,
सिद्धोधन

ता. क. माणिकरावांना फोनवर आकडा सांगितला. एक सेन्सर बदलला की गाडी नागपूरला जाऊन येईल म्हणतात. माझा विश्वास बसला, आईचा नाही.

आणखी एक. ताईला आईनं सांगून टाकलंय.

आणि ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते राहिलंच. आईची अट आहे की ज्यानं दिवा झाकला, त्यानंच गाडी चालवावी, नाहीतर ती रेल्वेनं जाईल. तेव्हा दसऱ्याची रजा टाका. पुढं तुमच्याशेजारी आई बसेल, मागं आम्ही. ताई तुमच्या बरोब्बर पाठीमागची सीट मागतेय. तिला नागपूरपर्यंत तुमच्याशी बोलायचं आहे.