भरपाईचा नंबर

१० नोव्हेंबर

बेसबॉल लीगची खेळाडूंच्या वर्गवारीची यादी आली. रॉइस टिलरी 'अ' वर्गात! मी 'ब' धरून बसले होते. सकाळपासून तीनदा उघडून पाहिली, नाव तिथेच आहे.

कोल्बीला म्हटलं, रॉइसला लवाद देऊ या. कोल्बी आमचा जनरल मॅनेजर, वय अडतीस, जेवतानासुद्धा लॅपटॉप सोडत नाही. मला भ्रम झालाय अशा नजरेने बघत राहिला. "व्हर्नाबाई, छत्तीस वर्षांचा डावखुरा पिचर, तोही शेवटी शेवटी एखाददुसऱ्या इनिंगपुरता. हो म्हणाला तर?"

"नाही म्हणेल."

"कशावरून?"

कशावरून ते मलाही अजून माहीत नाही. त्याला भेटून बघते.

११ नोव्हेंबर

मार्जरीचा फोन. म्हणे, "सत्तावीस वर्षं तू हे करतेस आणि तू काय करतेस ते मला अजून कळलेलं नाही." बहीण आहे म्हणून ऐकून घेते.

सांगितलं तिला. रॉइसचा करार संपला, तो मोकळा. आम्ही त्याला लवाद द्यायचा, म्हणजे म्हणायचं, आणखी एक वर्ष राहा, पगार लवाद ठरवेल. तो नाही म्हणाला आणि दुसऱ्या क्लबात गेला, तर जूनमध्ये नवे खेळाडू निवडायच्या वेळी, तो 'अ' वर्गातला म्हणून, आम्हाला निवडीचे दोन नंबर भरपाई — एक त्या क्लबचा पहिला, दुसरा लीगकडून जादा. आणि हो म्हणाला तर सत्तर लाख डॉलर आमच्या बोडक्यावर.

मार्जरी म्हणाली, "म्हणजे तोंडाने राहा म्हणायचं आणि मनात जा म्हणायचं. माझी सासू हेच करायची."

१३ नोव्हेंबर

रॉइसबरोबर ॲपल पाय खायला गेले, नेहमीच्याच ठिकाणी. या गोष्टी कागदावर येत नाहीत. उघड बोलायच्याही नसतात, लीग दंड ठोकते. म्हणून सगळे क्लब हेच करतात — जेवायला जायचं, मासेमारीवर बोलायचं, आणि माणूस काय करणार ते त्याच्या बोलण्यातून काढून घ्यायचं.

रॉइस एकोणीस वर्षांचा होता तेव्हा त्याचा पहिला करार मीच टाइप केला. आडनावात एक एल कमी घातला होता, अजून चिडवतो. म्हणाला, "बाई, ॲरिझोनाच्या क्लबाचा फोन आलाय. बायकोला तिकडेच घर घ्यायचंय, लेकीजवळ." मी म्हटलं, मग छानच की. आणि जाता जाता, "इकडे हो म्हणालास तर तुझ्याआधी ऑफिसातलं माझं टेबल रिकामं होईल हं!" तो हसला, मीही हसले. पायवर त्याने दोन गोळे आइस्क्रीम घेतलं.

३० नोव्हेंबर

मालकांसमोर बैठक. गँट्रीसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "ठीक आहे. पण डाव तुमचा. उलटला तर मला दुसरं कुणी बघावं लागेल." कोल्बी खाली बुटांकडे बघत होता. मी एकसष्ट वर्षांची आहे. मला दुसरीकडे कोण घेणार?

१ डिसेंबर

तीन वाजता लवादाचा फॅक्स गेला. आता सात तारखेपर्यंत त्याच्या उत्तराची वाट बघायची.

४ डिसेंबर

ॲरिझोनावाल्यांनी दुसराच डावखुरा घेतला. रेडिओवर ऐकलं, गाडी बाजूला घेऊन बसून राहिले.

आता रॉइसला जायला जागा नाही. त्याने नाही का म्हणावं? मी त्याच्या जागी असते तर डोळे मिटून हो म्हटलं असतं. कोल्बी लॅपटॉपवर सत्तर लाखांचा हिशेब मांडत बसला. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

५ डिसेंबर

राहवलं नाही, फोन केला. त्याच्या बायकोने, लॉरेनाने उचलला. "तो गॅरेजमध्ये आहे, बाई. सकाळपासून कागद घेऊन बसलाय." काय बोलू? ॲपल पायची कृती हवी होती म्हणाले. तिने दिली. लिहूनही घेतली, मूर्खासारखी.

७ डिसेंबर

चार वाजून दहा मिनिटांनी रॉइसचा फॅक्स. 'नाही' म्हणाला!

दोनदा वाचला. मग स्टेशनरीच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि खोक्यावर बसून रडले. जीव भांड्यात पडला. घरी येऊन अर्धी कोंबडी खाल्ली.

कोल्बी सगळ्या क्लबांच्या वार्षिक मीटिंगला गेलेला, तिथल्या हॉटेलातून फोनवर बोलला. मागे नुसता गोंगाट. "बाई, तुम्हाला कसं कळलं?" म्हटलं, लॅपटॉपमध्ये माणसं दिसत नाहीत, बाळा. मी माझी माणसं ओळखते. फार दिवसांनी स्वतःवर खूश आहे.

२० जानेवारी

रॉइसला कुणी घेत नाही. सगळ्यांचं एकच. माणूस चांगला, पण त्याच्यासाठी पहिला नंबर घालवायचा? तो लवाद मीच त्याच्या गळ्यात बांधला. आणि त्याला कुणी घेतलं नाही तर आम्हालाही भरपाई नाही. म्हणे शाळेच्या जिममध्ये भिंतीवर बॉल मारत असतो.

९ फेब्रुवारी

नियमांचं पुस्तक घेऊन बसले आणि सापडलं! गेल्या वर्षी तळाला गेलेल्या क्लबांचा पहिला नंबर कुणी काढून घेऊ शकत नाही, त्यांना दुसराच द्यावा लागतो. त्यांपैकी एकाचा दुसरा आधीच गेलाय, मोठ्या खेळाडूपायी. त्यांना रॉइस नुसत्या तिसऱ्या नंबरात पडेल.

रॉइसच्या एजंटला, प्रुइटला, फोन. "तुला तळाची यादी वाचता येते का रे?" तो म्हणाला, "बाई, सकाळी सकाळी शिव्या का देता?" मग कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "अरे हो की."

१६ फेब्रुवारी

त्या तळाच्या क्लबाने रॉइसला घेतलं! सराव सुरू व्हायच्या तोंडावर. इथे मिळाला असता त्याच्या निम्म्याहून कमी पगार, लेक दीड हजार मैल लांब, पण घेतलं. आमचे दोन्ही नंबर पक्के. एक तिसरा निघाला, असू दे. लीगचा जादा तर आहे.

जानेवारीपासून आज पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. त्याचं वाटोळं केलं नाही मी. मार्जरी म्हणाली, आता तरी केस रंगव.

७ जून

ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची निवड. जादा नंबरावर शॉर्टस्टॉपच्या जागेवर क्षेत्ररक्षण करणारा जॉर्जियाचा पोरगा मिळाला, तोही आमच्या यादीत विसावा असलेला, एवढ्या उशिरापर्यंत शिल्लक राहिलेला! टेबलाभोवती सगळे उठून टाळ्या. गँट्रीसाहेबांनी हात मिळवला — "व्हर्ना, तुम्ही ओळखलंत त्याला." मला खिडकीची खोली देताहेत. नवं फर्निचरही. मी म्हटलं, खोली घेते, टेबल मात्र माझं जुनंच राहू दे.

११ जून

रॉइसचं पाकीट. आत क्लबने पाठवलेला लवादाचा फॉर्म. 'स्वीकारतो' वर खूण, खाली त्याची सही, तारीख ५ डिसेंबर. कधी पाठवलेलाच नाही.

मागे पेन्सिलीने: "बाई, सामान हलवताना सापडला. टेबल जागेवर आहे ना?"