तेरा जूनची दंडमाफी

ये. म. यो.
तळोद्याच्या पुढचं मिशन
१० मे १९३८

ती. ताईस,
नवलचा सा. न. वि. वि.

चौदा महिन्यांनी पत्र लिहितोय, तेव्हा आधी शिव्या घालून घे आणि मग पुढे वाच. वरची तीन अक्षरं म्हणजे येशू, मरिया, योसेफ. इथले फादर प्रत्येक कागदावर तीच आधी लिहायला लावतात, किराण्याच्या यादीवरसुद्धा. मी सुखरूप आहे. सुरतेला पाच महिने होतो, मग भुसावळला, मग एका मधवाल्याबरोबर फिरत फिरत इकडे डोंगराच्या पायथ्याशी आलो. हा माणूस पोळं काढायच्या आधी माश्यांशी बोलतो. मी ऐकलंय. त्याच्याबरोबर आणखी वर जायचं होतं, पण पायात काटा मोडला आणि फादरांकडे राहिलो. घंटा वाजवतो, खेचराला चारा घालतो. खेचर फक्त फादरांचं ऐकतं.

इथलं देऊळ अंतोनीबाबाचं आहे. आपले बाबा दुष्काळात अनाथाश्रमात वाढले तेव्हा त्यांना मिळालेली तसबीर धानोऱ्याच्या घरात आहे ना, तेच संत, हातात बाळ येशू घेतलेले. इथे तोंडाचा रंग जरा उडालाय. मी रंग लावून देतो म्हणालो, फादर नको म्हणाले.

आता मुद्द्याचं. उपासाच्या दिवसांत मी फादरांसमोर गुडघे टेकून कुमसार केला, म्हणजे पाप कबूल केलं. सरकी काढायच्या जिनातलं सगळं सांगितलं. माझी पाळी होती, दादा कापसाची गाडी घेऊन आला होता, मी त्याला यंत्राच्या पट्ट्यापाशी उभं केलं, पाच मिनिटांत येतो म्हणालो आणि बाजारात आलेला हत्ती बघायला गेलो. हत्ती केळी सालीसकट खात होता. मी अख्खा घड संपेपर्यंत बघत राहिलो. परत आलो तर दादाचा उजवा हात पट्ट्यात गेलेला. लोक धरून होते त्याला. मी तसाच स्टेशनावर गेलो. हे तुला ठाऊकच आहे, पण मी माझ्या हाताने कधी लिहिलं नव्हतं.

फादर म्हणाले, पापाची क्षमा झाली, पण पापाचा दंड उरतो. ताप उतरला तरी माणूस अशक्त राहतो तसं. तो दंड इथे भोगायचा नाहीतर मेल्यावर शुद्धीस्थानात. आणि ताई, यावर उपाय आहे. संतांनी स्वतःपुरतं लागलं त्याहून जास्त सोसलं, त्याचं उरलेलं पुण्य आपल्याला मिळतं. त्यालाच दंडमाफी म्हणतात. अंतोनीबाबाच्या सणाला, तेरा जूनला, या देवळात पूर्ण दंडमाफी आहे. थोडीथोडकी नाही, पूर्ण. ती मिळाली की मी कोरा करकरीत होऊन घरी येतो. तोवर दादाला तोंड कसं दाखवू? मी कुठे आहे हे त्याला सांगू नकोस.

भाऊजींना नमस्कार. राग ओसरला असेल तर चार ओळी पाठव, नसेल तर आठ पाठव.

तुझा,
नवल


चिंचपाडा
२० मे १९३८

चि. नवल यास,
सोनीबाईचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. आठ ओळींत माझं भागणार नाही.

आधी हे, की मी दादाला सांगितलं. पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने नंदुरबारला उतरून धानोऱ्याला गेले आणि पत्र वाचून दाखवलं. हत्तीचं वाचलं तेव्हा त्याने पुन्हा वाचायला लावलं. चौदा महिने तो समजत होता की तुला चक्कर आली असेल नाहीतर कुणी मालकाने बोलावलं असेल. तू त्याला कारणच सांगितलं नव्हतंस. आता कळलं, केळी.

मग तो उठला. बैल पाण्यावर घेऊन गेला.

घरची हकिगत अशी. गेल्या वर्षी गावकऱ्यांनी पेरून दिलं, कारण जखम ताजी होती. यंदा कोण येणार? मृगाला ज्याचा त्याचा घाम ज्याच्या त्याच्या वावरात. पेरताना एका हाताने पाभर दाबायची का बैलांचा कासरा धरायचा, तूच सांग. भाईदास पाटील दोनदा येऊन गेले. चांगला माणूस आहे, गोड बोलतो. म्हणतो, वावर अर्ध्या वाट्याने मला दे आणि तू माझ्या केळीच्या बागेत राखणदार म्हणून बस. दादाने मृगापर्यंतची मुदत मागितली आहे. का मागितली, ते त्याने सांगितलं नाही. मला वाटतं, तुझं पत्र वाचून मागितली.

तेव्हा तू सात तारखेच्या आत ये. कोरा होऊन नको येऊस, जसा आहेस तसा ये. तुझा सण आणि आमची पेरणी एकाच आठवड्यात आहे हे तुझ्या लक्षात आलं नसेल असं म्हणवत नाही, लहानपणी तू वावरातच वाढलास. रोजरीची माळ जपताना तिसऱ्या दशकाला तुला नेमकी तहान लागायची, तेही आठवतं मला.

दादाने निरोप दिलाय तो त्याच्याच शब्दांत लिहिते: “अंतोनीबाबाले गाव भरनं मानसं शेतस. माले कोन शे?”

तुझे भाऊजी हिलालराव म्हणतात, तिकिटाची सोय ते करतील. मी रागावले तरी बहीण तुझीच आहे, एवढं धरून ठेव.

सोनीबाई


ये. म. यो.
मिशन
१ जून १९३८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीन दिवस खिशात घेऊन फिरतोय. दादाला सांगितलंस ते बरं नाही केलंस. पण आता झालं.

तुम्ही दोघं मला समजूनच घेत नाही. तेराला सण, चौदाला निघतो, सोळाला धानोरा. मृग काय एका दिवसाचा असतो? चार दिवसांनी पेरलं तर कापूस काय रुसून बसणार आहे? आणि एकदा चुकली की ही दंडमाफी पुढच्या वर्षीच. कुमसार, कम्युनियनची पवित्र भाकर, देवळात येऊन पोपसाहेबांच्या हेतूसाठी सहा प्रार्थना. शिवाय एक अट आहे, ती फादरांनी शेवटी सांगितली. कुठल्याच पापाची ओढ मनात राहता कामा नये, अगदी बारक्यासुद्धा. मी विचारलं, ती आहे का नाही हे ओळखायचं कसं? तर म्हणाले, तुझं तुला कळेल. हे काय उत्तर झालं?

मग मला एक युक्ती सुचली. फादर झाडाला अळं करत होते तिथे जाऊन विचारलं की माझी दंडमाफी मी दादाच्या नावाने केली तर? मला नको, त्याला सगळी. तर म्हणे चालत नाही. आपल्यासाठी घेता येते, नाहीतर मेलेल्यांसाठी. जिवंत माणसाला दुसऱ्याची देता येत नाही. ताई, दादा मेला असता तर मला त्याच्यासाठी काहीतरी करता आलं असतं. जिवंत आहे म्हणून काही करता येत नाही. हा कुठला नियम? मी असंच म्हणालो, जरा मोठ्याने. फादरांनी हातातली कुदळ खाली ठेवली.

त्यावर मी म्हणालो, निदान मला पूर्ण मिळाली की दादाच्या हाताचं मिटलं ना? तर ते म्हणाले, “देवापुढचं मिटेल. भावाचं नुकसान तुझ्याच अंगावर राहील. ते पोपही सोडवू शकत नाहीत.”

मग पूर्ण म्हणायचं कशाला? अर्धी म्हणा. मी त्या दिवशी जेवलो नाही. तापी चढण्याआधी वाळूतली टरबुजं संपतात, त्यातलं शेवटचं कुणीतरी आणून दिलं होतं, तेवढं खाल्लं.

पण मी आता हटत नाही. तेरापर्यंत थांबणार. भाईदास पाटलांना सांग, चार दिवस दम धरा.

चिडून लिहिलंय, पण टाकून देऊ नकोस मला.

नवल


धानोरा
९ जून १९३८

चि. नवल,
आशीर्वाद.

हे कार्ड, कारण जास्त लिहायला वेळ नाही. परवा पाऊस झाला, आज वाफसा आला, वावर पेरण्याजोगं झालं. मी आठ दिवसांसाठी म्हणून इकडे आले आहे, सासूबाई नाखूश. दादा कासरा कमरेला बांधून एका हाताने पाभर दाबतो आणि मी मागून बी सोडते. बैल वळले की तो ओढला जातो. आज दोनदा पडला. मी उचलायला गेले तर ओरडला.

वरचा तुकडा झाला, खालचा मोठा राहिला. पाटील म्हणाले, रविवारपर्यंत बघतो, मग माझी माणसं घालतो. रविवार बारा तारखेला आहे. तुझा सण सोमवारी.

याहून साधं मला लिहिता येत नाही.

सोनीबाई


तापीचा घाट, प्रकाशे
१५ जून १९३८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं कार्ड तेराला सकाळी मिळालं, टपालवाला सणाला आला तेव्हा. मिस्सेची उपासना सुरू व्हायची होती. मी ते वाचलं, खिशात घातलं आणि आत गेलो. हे मी लपवत नाही.

आदल्या दिवशी कुमसार केला होता. रात्रीपासून तोंडात पाण्याचा थेंब नाही. कम्युनियन घेतलं. देऊळ भरलं होतं, डोंगरातली माणसं मुलं खांद्यावर घेऊन आली होती, एकाने कोंबडाही आणला होता, तो मध्येच आरवला. सगळं झालं, फक्त सहा प्रार्थना राहिल्या. मी अंतोनीबाबासमोर गुडघे टेकले. पहिली झाली, दुसरी, तिसरी. चौथीला मनात आलं की आज सोमवार, म्हणजे पाटलाची माणसं वावरात उतरली असणार. मी पोचेन तेव्हा पेरणी उरकलेली असेल. आणि ताई, मला हलकं वाटलं. सुटलो असं वाटलं. पाभर धरायला नको, दादाच्या शेजारून चालायला नको, त्याच्या मनगटाकडे बघायला नको.

तेव्हा मला कळलं की मी तेरा तारीख कशाला धरून बसलो होतो. ओढ म्हणजे काय ते फादरांना विचारायची गरज उरली नाही.

पाचवी झालीच नाही. उठून बाहेर आलो. फादरांना सांगितलं तर म्हणाले, दिवस अजून आहे, पुन्हा बस. मी म्हणालो, पुन्हा बसलो तर पुन्हा तेच वाटेल, मी स्वतःला ओळखतो. त्यांनी भाकरी बांधून दिली. रागावले नाहीत, त्याचाच मला राग आला.

दोन दिवस चालून इथे आलो, तर तापीला पूर. वर कुठेतरी मुसळधार झाला असावा. उदेसिंग नावाडी माणसांना घेत नाही, फक्त टपालाची थैली आणि तिचा हरकारा. मी पाया पडलो, वल्हं मारतो म्हणालो. तो म्हणाला, सव्वा वर्ष तुला ही नदी दिसली नाही का? मी त्याला काही सांगितलं नव्हतं. धानोऱ्याचा लोटनचा पोरगा म्हणून त्याने मला तोंडावरून ओळखलं.

तेव्हा हे पत्र माझ्याआधी पलीकडे जाणार. मी पाणी उतरण्याची वाट बघत बसलोय. घाटावर एक जण माकड नाचवतोय. मी पाठ करून बसलोय.

वावर गेलं असेल तर गेलं. मी येतोय. दादाने दार लावलं तर ओट्यावर बसेन. तुझ्या मनात जागा असेल तेवढीच दे, मागायला तोंड नाही.

नवल


धानोरा
२६ जून १९३८

चि. सोनीस,
दादाचे आशीर्वाद.

हे डाव्या हाताने लिहिलेलं पहिलं पत्र आहे. अक्षरावरून हसायचं असेल तर तिकडेच हसून घे, इकडे कळवू नकोस. तू चिंचपाड्याला गेल्यावर दुसऱ्याच दिवशी, एकोणिसाला, नवल आला. ओट्यावर बसला होता. मी दार लावलं नाही आणि ये असंही म्हणालो नाही. बैलांना चारा घातला तेव्हा तो उठून पाणी पाजायला गेला.

खालचा तुकडा भाईदास पाटलांच्या माणसांनी पेरला. यंदाचं अर्धं त्यांचं. शब्द दिला होता, त्यात आता फिरवाफिरव नाही. राखणदारीला मात्र मी नाही म्हणालो. वरच्या तुकड्यात आपण दोघांनी पेरलेलं निम्मंही धड उगवलं नाही, मी पडलो तिथे बी एकाच जागी सांडलं होतं. म्हणून परवा रिकाम्या राहिलेल्या जागी पुन्हा पेरून खाडे भरायला काढले. त्याने पाभर दाबली, मी कासरा धरला. त्याच्या हाताला चार घट्टे आले. तास वाकडे येतात. मी बोललो, तो चिडला, मीही चिडलो. दुपारची भाकर दोघांनी दोन बांधांवर बसून खाल्ली.

संध्याकाळी त्याने मला दंडमाफीचं सगळं समजावून सांगितलं. ताप आणि अशक्तपणा वगैरे. मला अर्धं कळलं. मध्ये त्या मधवाल्याचं निघालं आणि गाडी तिकडेच गेली. माफ केलंस का असं त्याने विचारलं नाही आणि मीही काही म्हणालो नाही. हात तर मला रोज सकाळी सदऱ्याची गुंडी लावताना आठवतो. पण कासरा कमरेला बांधायला लागत नाही, एवढं खरं.

मग मी विचारलं की पुढच्या वर्षी तेरा जूनला पुन्हा पूर्ण माफी आहे म्हणतोस, तर जाशील का? तो बैलांच्या माना खाजवत होता. म्हणाला, “तवय पेरनी राहस, दादा.”

मग यंदा काय होतं, हे मी विचारलं नाही.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. हिलालरावांना घेऊन कापूस वेचायला या, तोवर आठवण काढत जा.

तुझा भाऊ,
चुडामण