अरोनियाचा रस आणि तुमची गोळी

बोगुमिल यांस ग्दान्स्कहून यानिनाचा नमस्कार.

लेक आणि बाळ ठणठणीत आहेत. बाळाचं नाक तुमच्यावर गेलंय, पण मोठेपणी सुधारेल. तुमची तब्येत कशी आहे? खरं लिहा.

शेजारच्या गेनोवेफाचा फोन आला होता. रक्तदाबाच्या गोळ्या सोडून तुम्ही अरोनियाची दारू पिताय म्हणे, आणि वर सांगताय, "बायकोच म्हणते, औषधी आहे!" अहो, मी चेरीची पानं घालून उकळलेल्या रसाबद्दल बोलले होते, आणि तोही गोळीच्या जोडीला. आजच गोळी सुरू करा.

आपल्या अरोनियाच्या झुडपांवरची ती काळी फळं कडक थंडीत गारठेपर्यंत तुरटच राहतात, तोवर तोडू नका. तेव्हा मी येतेच. दोघं मिळून तोडू. एकटीनं तोडायची मला सवय नाही, आणि या वयात लावून घ्यायची नाही.

तुमच्यावर चिडलेली,
यानिना