नवव्या रात्रीचा नाच

अल कुसैस, मार्च १९९९

दादा,

सुजीत बुडाल्याचं आईंना कळता कामा नये, म्हणून इथे आखातातही कोणी रडायचं नाही, दिवस घालायचे नाहीत, असा हुकूम तुम्ही फोनवर सोडलात. समुद्राने देहही परत दिला नाही. तुमचं सोपं झालं.

नवव्या दिवशी रास अल खैमाहून त्याच्या ड्रेजरवरचा, म्हणजे गाळ उपसायच्या जहाजावरचा, सोबती एव्हारिस्तो आला. तो बेलीझ या देशाच्या किनाऱ्यावरचा, गरिफुना लोकांतला. माणूस गेला की नवव्या रात्री ते ढोल वाजवून नाचतात आणि त्याला जायला मोकळं करतात. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने सोफा सरकवला, तेव्हा मला वाटलं बसायला जागा करतोय. तर त्याने पाण्याचा रिकामा कॅन मांडीत घेतला आणि वाजवायला लागला. मी ओरडलेच, "खलास! बस करो! घर में मौत हुई है."

जहाजावर शिकलेल्या हिंदीत तो म्हणाला, "इसीलिए, भाभी."

आमच्या लेकीने, दियाने विचारलं, "ममा, कॅन वी क्राय नाउ?"

मग मी उठले. रडत रडत नाचले, दादा. शेवटी एव्हारिस्तोने दार सताड उघडलं आणि सुजीतला हाक मारून सांगितलं, आता जा.

तुमची पत्रं आई आधी फोडतात, म्हणून हे इथेच राहील. पोस्टात पडेल ते तुम्ही सांगितलेलं, सुजीतच्या अक्षरात मी गिरवलेलं पत्र: "आई, मी मजेत आहे. गणपतीला नक्की येतो."

तुमच्या धाकट्या भावाची विधवा,
अनुराधा